डब्यातली साखर

आई,

आज चंदगडच्या गाडीनं पार्सल आलं. तांदूळ चार किलो, काजूगर पाव किलो, आणि तुझा तो कडीचा डबा. हमाली दोन रुपये. डब्यात साखर, दगडासारखा गड्डा झालेली. सोबत वहिनीची चिठ्ठी: 'माळा आवरताना सापडली. तुम्हीच पाठवलेली म्हणे. सासूबाईंनी कुणाला चिमूटभर घेऊ दिली नाही.'

मला पहिला दिवाळसण आठवला. तू चुलीपुढं काजू भाजतेयस, घरभर तो खरपूस वास. तू काहीही विचारलंस की मी आधी सोप्यात बसलेल्या ह्यांच्याकडं बघतेय, मग बोलतेय. दोनदा झालं, तशी तू आवाज उतरवलास. "पोरी, पत्र त्यो वाचणार. पण माझा डबा परत रिकामा धाडायचा न्हाय, ही आपली रीतच हाय. सुखात असलीस तर साखर घाल, न्हायतर मीठ. मीठ दिसलं की पैल्या गाडीनं येतो की मी!"

तुझं खरं ठरलं. कार्डावर 'मी खुशाल आहे' हे ते सांगत, मी लिहीत असे. अंबाबाईला फक्त शुक्रवारी, अर्ध्या तासात परत. एका शुक्रवारी ओटीची रांग लांबली. घरात पाऊल टाकताच मनगट धरून त्यांनी विचारलं, "कुणाशी बोलत हुतीस?" मी तोंड उघडेपर्यंत बांगड्या फुटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी डबा मिठानं भरला. संध्याकाळी ते गजरा घेऊन आले, रडले. "तुझ्यावर जीव हाय म्हणून जळतो गं." मी मीठ परत बरणीत ओतलं आणि रेशनची साखर भरली. घरात ते सगळं उघडून बघत, वहीसुद्धा. तुझा डबा तेवढा कधीच नाही. सासूच्या डब्यात काय बघायचं, म्हणत. तेवढी एकच जागा माझी होती, आणि तिथंच मी खोटं बोलले. तू देवाघरी जाईपर्यंत, दर खेपेला, स्वतः गुळाचा चहा पिऊन.

ती साखर तू कौतुकानं जपलीस, की खोटी म्हणून तोंडात घातली नाहीस?

मघाशी त्यांनी आतून विचारलं, "काय आलंय?" मी तांदूळ म्हटलं, काजू म्हटलं. साखरेचं सांगितलं नाही. गड्डा देवीपुढं ठेवलाय, पण नैवेद्य दाखवायला हात होत नाही.

डब्यात आज मीठ भरलंय, आई. हे पत्रही त्यातच ठेवते. कुठल्या गाडीनं येतेस, तेवढं उलट टपाली कळव.