अव्वाच्या फोनचं बटण

अप्पा, काल मी अव्वाच्या फोनचं बटण घरीच उघडून दुरुस्त केलं. तुम्ही गेलात त्याला सतरा वर्षं झाली. तुमच्या वेळचा फोन कोनाड्यात असायचा आणि त्याच्यावर अव्वा विणलेला रुमाल घालायची. आताचा फोन म्हणजे तळहाताएवढी काच. तिच्या कडेला दोनच बटणं असतात, एक आवाजाचं लांबट, दुसरं चालू-बंद करायचं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. तुमच्या हातात दिला असता तर तुम्ही आधी तो उलटा करून स्क्रू शोधले असते. वरून स्क्रू दिसत नाहीत अप्पा. पाठ चिकटवलेली असते. ती तापवून, हळूहळू सोडवावी लागते.

अव्वा आता अठ्ठ्याहत्तरची आहे. दिवसा घरी एकटीच असते. बायको शाळेवर जाते, मी कचेरीत. गेल्या उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि तासभर तिथंच बसून राहिली. तेव्हा माझी लेक पुण्याहून आली आणि तिनं अव्वाच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. चालू-बंदचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की फोन आपोआप मला लागतो. नंबर शोधायला नको, चष्मा नको. "आज्जी, काही झालं की नुसतं हे दाबायचं," लेकीनं सांगितलं. "आन् काय न्हाय झालं तर?" अव्वानं विचारलं. लेक हसली. मला मात्र हसू आलं नाही.

महिन्यापूर्वी एका दुपारी, तीनच्या सुमाराला, कचेरीत माझा फोन वाजला. अव्वाचा. उचलला तर पलीकडं नुसती खरखर. मी तसाच गाडीवर बसून निघालो, हायवेवरच्या ट्रकांमधून कसा घरी पोचलो ते माझं मला माहीत. अव्वा बाहेरच्या सोप्यात मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "मी कुठं केले फोन? हितंच हाय की त्यो, मांडीखाली." दोन दिवसांनी परत तीच वेळ, तोच फोन. परत पळालो. तिसऱ्यांदा ती झोपली होती, फोन उशाशी होता, आणि त्याला कुणीच हात लावलेला नव्हता. बटण आतल्या आत अडकलं होतं आणि स्वतःच स्वतःला दाबून घेत होतं, एवढं मला कळलं. कळूनही अंगावर काटा आला. दुपारी तीन वाजता आपल्या घरातून मला कुणीतरी बोलावतंय आणि गेलं की कुणीच बोलावलेलं नसतं.

चौथ्या वेळी मी टेबलावर फाइली उघडून बसलो होतो. फोन वाजला. मी नाव बघितलं आणि फोन पालथा घातला. बटणच असेल, हातातलं संपवू, मग बघू, असं म्हणालो. शेजारच्या माणसानं विचारलं, "साहेब, घाम का आलाय?" तेव्हा मला कळलं की घाम आलाय. मी उठून घरी गेलो. अव्वा ठीक होती, तुळशीला पाणी घालत होती. मी दारातच खाली बसलो. ती म्हणाली, "काय रे लेकरा, आसं का बसलास?" मी म्हणालो, ऊन लागलं.

फोन दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, दोन दिवस ठेवावा लागेल, नाहीतर काका, नवीनच घ्या. अव्वाला फोनाशिवाय दोन दिवस एकटं ठेवायची माझी छाती होईना. तिनंच विषय संपवला. "तुझ्या बापाची समदी हत्यारं पेटीत गंजायलीत, आन् तू एका बटनासाठी गाव हिंडलालास. बस की घरात, आन् कर." मग बटणामागची पट्टी तेवढी मागवून घेतली, लागली तर असावी म्हणून, आणि काल रविवारी सकाळी सोप्यात, उजेडाला तोंड करून, पांढरं फडकं अंथरून बसलो.

पेटी उघडली आणि तुमच्या दुकानाचा वास आला. शिशाचा, रॉकेलचा, तापलेल्या धुळीचा. हायवेच्या कडेला तुमचं ते पत्र्याचं दुकान. हैदराबादकडं जाणारे ड्रायव्हर टेप घेऊन येतात, कुणाचं बटण खाली गेलं की वर येत नाही, कुणाचं दाबलं की राहत नाही. एकानं टेपवर चहा सांडलाय, साखरेनं पाचही बटणं एकमेकांना धरून बसलीत. मी तेव्हा कॉलेजात. तुम्ही जेवायला गेलेले, मी शहाणपणा करून त्या टेपचा स्क्रू जोरानं पिळतो आणि त्याची चीर उडवतो. तुम्ही येता, बघता. ओरडत नाही. ड्रायव्हरला म्हणता, "माझ्या हातनं खराब झालं, उद्या या." तो गेल्यावर मला म्हणता, "स्क्रू गेला त्याचं काय न्हाय. त्यो काढता येतोय. पर मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी बोललो. परत बोलाया लावू नगंस." त्या वेळी मला वाटलं होतं, एवढ्याशा गोष्टीला हा माणूस खोटं म्हणतो.

फोन बंद केला. पाठीला बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राची ऊब दिली आणि जुन्या एका प्लास्टिकच्या कार्डाची कड सारत सारत पाठ सोडवली. घाई केली नाही. आतले स्क्रू राईएवढे. नोकरी लागली तेव्हा तुम्ही मला घड्याळजीचे बारीक स्क्रूड्रायव्हर दिले होते, कचेरीत काय उपयोग म्हणून मी ते कधी उघडलेच नव्हते. त्यातला सगळ्यांत लहान बरोबर बसला. आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग कडेचं बटण बाहेर काढलं. बटण म्हणजे नुसती प्लास्टिकची कपची असते. तिच्या मागं कागदासारखी पातळ पट्टी, आणि पट्टीवर फुगीर टिकली. ती दबली की तिचा टक असा आवाज होतो, तेवढंच खरं बटण. आणि कपचीच्या चारी बाजूंनी काय होतं माहिताय? ज्वारीचं पीठ. अव्वा भाकरी थापता थापता त्याच हातानं फोन उचलते. पिठात घाम आणि तेल मिसळून त्याची खळ झाली होती, दगडासारखी घट्ट. त्या खळीत अडकूनच बटण आपोआप दबत-सुटत होतं.

तुम्ही म्हणायचात, आधी साफ कर, निम्मी दुरुस्ती तिथंच होते. बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून मी ती खळ सोडवत बसलो. तास गेला असेल. त्या तासात मी तुमच्याशी बोलत होतो, आणि जे सतरा वर्षं टाळलं तेच हाताखाली येत होतं.

तुम्हाला लकवा झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. मी तुमच्या खाटेला वायर ओढून बटण लावलं आणि सोप्यात घंटी बसवली. तुम्ही डोळ्यांनीच वायर तपासली होती, जोड कुठं दिलाय ते बघितलं होतं. आणि मग दिवसभर घंटी. पाण्याला घंटी, माशी बसली की घंटी, ऊन तोंडावर आलं की घंटी. कधी कधी आत जावं तर तुम्हाला काहीच नको असायचं, नुसते बघायचात. एकदा मी म्हणालो, "अप्पा, सारखं सारखं दाबू नका. काम असंल तरच दाबा." तुम्ही अंगठा बटणावरून उचललात आणि चादरीवर ठेवलात. ते मला अजून दिसतं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनीच. बायको माहेरी अणदूरला गेली होती. दुपारचे तीन. मी सोप्यात टीव्हीवर मॅच बघत होतो, अव्वा आत चुलीपाशी होती. घंटी वाजली. एकदाच, पण लांब. नेहमी तुम्ही दोनदा-तीनदा तुटक दाबायचात. मी म्हणालो, येतो. मोठ्यानं म्हणालो का मनात, ते आठवत नाही. ओव्हर संपली, दुसरी लागली. घंटी परत वाजली नाही, म्हणून मला वाटलं, काही नसेल. वीसेक मिनिटांनी आत आलो. तुमची मान दाराकडं वळलेली होती आणि अंगठा बटणावरच होता.

मी ओरडलो. अव्वा पिठाच्या हातांनी धावत आली. तिनं काही विचारायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं, "घंटी वाजलीच न्हाय अव्वा, बटण अडकलं." मग तेच सगळ्यांना सांगितलं. माणसं हळहळली. साऱ्या तालुक्याची बटणं नीट करणारा माणूस आणि त्याच्याच उशाचं बटण दगा देतं, असं म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी ते बटण उघडलं. आतली पितळी पट्टी लख्ख होती. काही झालेलं नव्हतं तिला. मी पक्कड घेतली आणि ती पट्टी वाकवली. चौथ्या दिवशी काकांनी दाबून बघितलं, म्हणाले, "व्हय की, लागंना." आयुष्यात मी एकच चांगली वस्तू जाणूनबुजून बिघडवली, अप्पा, आणि ती तुमच्या हातातली. पुढं मी ती घंटीही काढून टाकली. भिंतीतली भोकं बुजवली. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी सोप्यात पडलो की ती एकदाच, लांब वाजते. बायको शेजारी असते. तिला ऐकू येत नाही.

फोनची पट्टी बदलावी लागली नाही. टिकली चांगली होती. सगळं परत बसवलं, पाठ चिकटवून वर जाड पुस्तकांचं ओझं ठेवलं, आणि जेवणं झाल्यावर फोन अव्वाच्या हातात दिला. म्हणालो, दाब पाच वेळा. तिनं मोजत मोजत दाबलं. माझ्या खिशातला फोन वाजला.

"आता ह्यो उगंच न्हाय न वाजायचा?" तिनं विचारलं.

"न्हाय. आता तू दाबलीस तरच."

"मग आता वाजला तर येशील."

ती सहज म्हणाली. पण माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "अव्वा, त्या दिवशी अप्पांची घंटी वाजली हुती. बटण अडकलं नव्हतं. मला ऐकू आली हुती."

ती पदरानं फोनची काच पुसत राहिली. मग म्हणाली, "एकदाच वाजली. लांब."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"मला बी आली की रे ऐकू," ती म्हणाली. "तव्यावर भाकरी हुती. मला वाटलं, तू हायस भायेर, तू जाशील. भाकरी उलथले, दुसरी थापाया घेतले. मग तू वरडलास. तू म्हणालास बटण अडकलं, म्हणून मी बी गप बसले. तुझं खोटं माझ्या बी कामाला आलं. तुमी समदे मातीला गेल्ता तवा मी दाबून बघितलं. वाजली. मग काका दाबून बघायले तर वाजंना. तवाच मला कळलं, तू काय केलास ते."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुला इचारलं आसतं तर तू मला इचारला आसतास, तू कुठं हुतीस म्हणून."

बाहेर हायवेवर गाड्या चालल्या होत्या. ती म्हणाली, "अजून येती का रे तुला ऐकू?" मी मान हलवली. "मला बी," ती म्हणाली, "भाकरी थापताना." मग फोन कनवटीला लावून ती उठली आणि भांडी आत घेऊन गेली. इतकी वर्षं एकाच घरात, एकाच वेळी, आम्ही दोघं तीच घंटी ऐकत होतो आणि एकमेकांची तोंडं चुकवत होतो.

आज पहाटे उठून हे लिहिलं. माळावर तुम्हाला माती दिली तिथं नेऊन, एखाद्या दगडाखाली ठेवून यावं, असं ठरवलं होतं. पण अव्वा म्हणाली, मी बी येते, लई दिवस झाले. तिच्यासमोर हा कागद खिशातून काढता येणार नाही, म्हणून तो घरातच राहील. यातली एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. काल ती बोलली तेव्हा मला आधी तिची कीव आली नाही, तुमचीही नाही. मला बरं वाटलं अप्पा. सतरा वर्षांतलं निम्मं ओझं माझ्यावरून उतरून त्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर गेलं, आणि मी ते जाऊ दिलं.