कापलेला शब्द

प्रिय ताई,

हे पत्र तुझ्या हाती द्यायचा धीर मला होणार नाही.

अर्धांगवायूनंतर आईने उच्चारलेला पहिला शब्द तू मी टाकलेल्या व्हिडिओत मोबाईलवर ऐकलास आणि ढसाढसा रडलीस. माझं नाव होतं ते. हजारो अनोळखी लोकांनीही डोळे पुसले.

त्यापुढचं मी कापलं होतं. आईने हात पुढे केला होता. तो धरायचा सोडून मी म्हणाले, "पुन्हा म्हण ना आई, इकडे बघून."

ती अडखळत म्हणाली, "बंद कर ते."

मी चालूच ठेवलं. तिने हात पांघरुणात ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. जाईपर्यंत पुन्हा बोलली नाही.

काल तू मला जवळ घेऊन म्हणालीस, "तुला निदान हाक तरी मारली तिने."

मी मान डोलावली.

तुझीच,
धाकटी