मापाचा कुर्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं! बुटीकमधली राजनंदिनी माझं शिवणाचं दुकान घेतेय. संक्रांतीच्या आत मी पुण्याला. बासितला फोन केला. म्हणाला, "खरंच येणार?" कंपनीनं त्याला चाकणला पाठवून दोन वर्षं झाली. रविवारी येतो, दोन घास खातो, पिशवी उचलतो. नवरा आहे की पाहुणा! मी दर वेळी म्हणायचे, एवढी लग्नसराई होऊ दे. एक लग्नसराई संपली की दुसरी आहेच.

९ नोव्हेंबर, रविवार
बासितनं सगळं समजावून सांगितलं. त्याच्या कंपनीत याला एक्झिट प्लॅन म्हणतात. महिनाभर मी पडद्यामागं शिवायचं, पुढं राजनंदिनी. बायांना तिची सवय होऊ द्यायची. मी चाललेय हे तोवर कुणाला सांगायचं नाही.
हसू आलं. गुलमंडीतल्या या बोळात शिरले तेव्हा कसला प्लॅन होता? एक मशीन, एक स्टूल आणि अम्मीची कात्री. बाहेर पडायला मात्र प्लॅन!

१२ नोव्हेंबर
पडद्यामागं बसवत नाही. सगळे कान पुढं. जी ती आल्या आल्या विचारते, यास्मिन कुठंय? राजनंदिनी सांगते, कामात आहेत. आणि मला — लिहायलाही लाज वाटते — गोड वाटतं. लई गोड.
पोरीचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे खरं. पण बोलते मोजकं. माझं निम्मं दुकान तोंडावर चाललं.

१८ नोव्हेंबर
मीच घात केला. माझं जुनं गिऱ्हाईक साळूबाई मुकुंदवाडीहून आल्या, नातीच्या लग्नाचे ब्लाउज घेऊन. पडदा सारून थेट आत. तब्येत बरी नाय का, एवढंच विचारलं आणि मी घळाघळा रडले. सगळं सांगून बसले. वर म्हटलं, कुणाला बोलू नका. साळूबाईंना! त्या असताना मुकुंदवाडीत दवंडी पिटायला वेगळा माणूस लागत नाही.

२१ नोव्हेंबर
दुकानात दोरीवर बायांचे मापाचे ब्लाउज टांगलेत, नावाची चिठ्ठी टाचून. अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज बाई आमच्याकडं ठेवूनच जाते. तो तिनं परत मागितला की समजायचं — बाई गेली. भांडण नाही, तक्रार नाही. नुसतं माप परत.
आज दिवसभर तेच. नवी पोरगी बरीच असेल गं, पण तू नाहीस तर... मी एकेकीला घडी घालून देत होते आणि आतून सुखावत होते. मीच नाही तर दुकान कशाला!
संध्याकाळी राजनंदिनी दोरीकडं बघत म्हणाली, "ताई, तुम्ही मला दुकान देताय का नुसती खोली?"
या दुकानासाठी तिनं बुटीकमधली नोकरी सोडलीय. ती मागं फिरली तर माझं पुणंही राहिलं.

२२ नोव्हेंबर
बासितला सांगितलं. रागावला नाही. "तुला यायचंच नसेल तर तसं सांग," एवढंच म्हणाला.
यायचंय रे! भाजी निवडताना, काज करताना, भर गर्दीत तू आठवतोस. पण तिकडं गेले की दुकान असंच आठवेल, त्याचं काय करू? दोन्हीकडं जीव अडकलाय.

२५ नोव्हेंबर
साळूबाई आल्या, माप परत न्यायला. मी तेव्हा दुकानात पुढंच उभी, हात पसरून, आणि राजनंदिनी माझं माप घेत होती. योगायोग नव्हे; त्या आज येणार हे कळलं होतं. चार दिवस डोकं खाजवून मला एवढंच सुचलं होतं. सकाळीच तिला म्हटलं, भाच्याच्या निकाहला सूट हवाय, तू शिव. मापाचा म्हणून घरून आणलेला माझा कुर्ता दोरीवर टांगला.
आजवर दुसऱ्याच्या हातचं कधी घातलं नाही. आधी अम्मीनं शिवलं, मग मी. टेप खांद्याला लागला तर अंगच चोरलं मी! "श्वास सोडा ताई," ती म्हणाली. माझंच वाक्य.
साळूबाई बघत राहिल्या. "तू सोताचं हिच्याकडं टाकलंस व्हय?"
"टाकलं. माप बी ठेवलंय."
त्यांनी दोरीवरचा कुर्ता हातानं चाचपला. मग खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, नातीचं सासर कसं आहे ते सांगत राहिल्या. गेल्या तेव्हा त्यांचा ब्लाउज दोरीवरच होता.

८ डिसेंबर
मुकुंदवाडीत उलटी दवंडी फिरलेली दिसते. गेलेल्यांतल्या बऱ्याचजणी परतल्या. सगळ्या नाहीत.
आज एक बाई माझ्यासमोर उभी राहून विचारते, राजनंदिनी कुठंय?
हेच तर हवं होतं. तरी जेवण गेलं नाही.

१० जानेवारी, पुणे
राजनंदिनीचा फोन. माझा सूट आत्ता कुठं झाला — गिऱ्हाइकांची गर्दी होती म्हणे. सोबत मापाचा कुर्ताही पाठवू का, विचारत होती.
नको म्हटलं. दोरीवरच राहू दे.