रजेच्या अर्जातले आजोबा

मालाड, रविवार

बाबा, तुम्हाला आणि आईला जयभीम.

मी बरी आहे, डबा चांगला मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

मी शिकवते त्या क्लासची मात्र शिसारी आलीय मला. मुलांनी रोज वीस अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि जे लिहाल त्यात कोंबायचे, हा आमच्या सरांचा नियम. आठवीतल्या रेवतीचे आजोबा वारले. तिने इंग्रजीत रजेचा अर्ज दिला: आजोबा गेले, ते माझं दप्तर उचलायचे, मला सारखं रडू येतं. सरांनी तिला समोर बसवून, यादीतले नऊ शब्द घालून तो परत लिहून घेतला आणि नमुना म्हणून बोर्डावर लावला.

ते नऊ शब्द मीच काढून दिले, बाबा. तुम्ही शाळेत दिवसाला एकच शब्द शिकवायचात आणि लागेल तिथेच वापरा म्हणायचात.

काल रेवती परत आली. बोर्डासमोर उभं राहून तिने स्वतःचाच अर्ज वाचला आणि मला विचारलं, "मॅडम, यात आजोबा कुठे आहेत?"

मी अर्ज काढून पर्समध्ये ठेवलाय. उद्या सर विचारतीलच. नोकरी जाईल बहुधा, पण आईला इतक्यात सांगू नका.

तुमची,
चेतना