कुमाचा होकार

त्रिएस्ते, १० डिसेंबर

चि. वुकाशिन यास, ताईचे आशीर्वाद. वि. वि.

फोन लावला की तू हूं करतोस आणि रूझाच्या हातात देतोस. बायकोला किती दिवस पुढे करणार? म्हणून शेवटी कागद घेतला. इथल्या वृद्धाश्रमातल्या माझ्या म्हाताऱ्या तुझ्यापेक्षा जास्त बोलतात, आणि त्यातल्या दोघींची तर वाचाच गेलेली आहे.

बाबांना माती देऊन परतले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. सगळ्यांना वाटलं, काय धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नाही. म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, त्यांच्या पाठी पुसते आणि घरी येऊन झोपते.

पण एक गोष्ट घशात अडकली आहे. अख्ख्या ब्रेझोवाचमध्ये ड्रोनचे नियम पाठ असलेला तू एकटा. लग्नाचं चित्रीकरण करताना नवरीच्या आईने हातापाया पडून चर्चवरून एक दृश्य मागितलं, तरी तू म्हणायचास की काकू, हा विमानतळाचा पट्टा आहे, टॉवरच्या परवानगीशिवाय मी हातभरसुद्धा वर जाणार नाही. आणि त्या दिवशी, बाबा हरवले तेव्हा, तू न विचारता उडवलंस म्हणे. उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाने ते पाहिलं, टॉवरने सगळी उड्डाणं थांबवली, आणि बाबांनाच शोधायला तयार झालेलं हेलिकॉप्टर अंधार पडेपर्यंत जमिनीवर बसून राहिलं. सकाळी बाबा विमानतळाच्या कुंपणापलीकडच्या चरात सापडले. पहाटेपर्यंत त्यांचा श्वास चालू असावा, असं डॉक्टर म्हणाले ते तूही ऐकलंस.

मला तुझा राग आला आहे. का नाही विचारलंस, एवढंच लिही.

रूझाला आणि पोरीला आशीर्वाद. माया आहे म्हणून रागावते, हे तुला सांगायला नको.

तुझी,
देसांकाताई


ब्रेझोवाच, २२ डिसेंबर

ती. ताईस, वुकाशिनचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इकडे थंडी चांगली पडली आहे. आलुबुखाराची दारू पिंपात भरून झाली. कुत्रा फाटकाशी बसून असतो, त्याला आत ओढून आणावं लागतं. पोरीला आजोबा कुठे गेले ते सांगितलं; तिने ऐकलं आणि जेवायला बसली. मीही जेवतो. चव लागत नाही, पण ताटात उरतही नाही.

ड्रोन पोलिसांकडे आहे. फेब्रुवारीत चौकशीला बोलावलं आहे.

का नाही विचारलंस, म्हणतेस. बाबांचं डोकं गेल्या वर्षापासून कसं झालं होतं ते तुला ठाऊक आहे. बागा पाहिल्या, गिरणी पाहिली, बसथांबा पाहिला. उजेड जात होता. यापुढे मला काही विचारू नकोस.

रादिसाव रोज येतो. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला कुम, पोरीला बाप्तिस्म्याला हातात धरणाराही तोच, तेव्हा त्याने यावं हे ओघानेच आलं. टॉवरमधली पाळी संपली की येतो, आमची लाकडं फोडतो आणि जातो. कॉफीसुद्धा घेत नाही. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, त्याच्या घरच्या संताचा सण, स्लावा होती ना, घर पाहुण्यांनी भरलेलं.

तुझी खोकल्याची तक्रार गेली का? तुझ्या पंखाखालचा,

वुकाशिन


त्रिएस्ते, १५ जानेवारी

चि. वुकाशिन यास, आशीर्वाद. वि. वि.

रादिसाव आपल्या घरी येऊन कॉफी घेत नाही? अरे, तो माणूस स्वतःच्या घरची सोडून आपल्याकडची प्यायचा, आणि वर आईला म्हणायचा की साखर कमी पडली. कुठेतरी पाणी मुरतंय हे तेव्हाच कळलं. रूझाला फोन केला. ती आधी हो-नाही करत होती, मग रडली आणि सगळं सांगितलं.

म्हणजे तू विचारलं होतंस. तिच्या देखत फोन केलास, पण टॉवरला नाही, कुमाला. आणि तो म्हणाला की उडव, मी वर सांगतो. आणि वर कोणी काही सांगितलंच नाही. दारात पाहुणे, स्लावाच्या दिवशी यजमानाने बसायचं नाही की बाहेर पडायचं नाही, त्या गडबडीत राहून गेलं असेल.

मूर्खा! जगात दुसरा कोणीही असता तर त्याने टॉवरला फोन लावला असता. आपण कुमाला लावतो. दाखला हवा, कुमाला सांग. दवाखान्यात खाट हवी, कुमाला सांग. खरं सांगू, तुझ्या जागी मी असते तर मीही त्यालाच लावला असता. रात्री हेच मला खात बसतं.

फेब्रुवारीत खरं काय ते सांग. त्याची नोकरी जाईल, पदरात दोन मुलं आहेत, मला कळतं. पण तू गप्प बसलास तर हट्टापायी बापाला मारणारा मुलगा म्हणून तुझं नाव कागदावर राहील. आणि तो का नाही बोलत? लाकडं फोडून फिटतं का हे?

तुझी,
देसांकाताई


ब्रेझोवाच, २० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सांगितलं.

न सांगायचं ठरवूनच गेलो होतो. कोणालाही विचारलं नाही, हे वाक्य व्हरांड्यात बसून घोकलं होतं. चौकशीला राजधानीतून आलेली एक तरुण बाई होती, वागायला नम्र. तिने विचारलं की उडवण्याआधी कोणाशी बोललात. मी रादिसावचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. टपाल कचेरीत पत्ता सांगतात तसं. तिने लिहून घेतलं आणि खिडकी लावली, वारा येत होता. मला वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

रादिसावला घरी बसवलं आहे. त्याने सगळं कबूल केलं म्हणे. आता खानावळीत माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या असतात. वर देव आणि खाली कुम, असं म्हणणारं आपलं गाव. खालच्याला मी धरून दिला. चर्चच्या पायरीवर म्हाताऱ्या मला पाहून गप्प होतात. रूझा म्हणते की चार दिवस बोलतील आणि विसरतील. आपलं गाव विसरणाऱ्यातलं नाही.

लाकडं मीच फोडतो. तुझा,

वुकाशिन


त्रिएस्ते, १२ मार्च

चि. वुकाशिन यास, आशीर्वाद. वि. वि.

बोल म्हणून मीच मागे लागले होते, तेव्हा गाव जे काही म्हणेल त्यातलं अर्धं माझ्या नावावर मांड. आपल्या स्लावाला येता येणार नाही, रजा नाकारली. पण घरातलं काही बंद करू नकोस. गव्हाचा प्रसाद, पाव, मेणबत्ती, सगळं कर. बाबा गेल्याचा राग असेल तर माझ्यावर असू दे, आपल्या घरच्या संताने काय केलं आहे?

जेवत जा, झोपत जा, आणि चार ओळी तरी लिहीत जा.

तुझी,
देसांकाताई


ब्रेझोवाच, ७ मे

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काल स्लावा झाली. रूझाने कोकरू भाजलं, कोबीच्या पानांतले गोळे केले, मोठ्या टेबलाला लहान टेबल जोडलं. स्लावाचं आमंत्रण कोणी देत नाही, येणारे येतात. मी सकाळपासून दाराशी उभा होतो. पाद्री आला, पाव कापला, दुसऱ्या घरी जायचंय म्हणाला. त्यानंतर कोणी आलं नाही. दुपारी शेजारी आमच्या फाटकावरून गेले आणि वळून पाहिलंही नाही. पोरगी विचारत होती की आता आपण जेवायचं का.

दिवस कलता कलता रादिसाव आला. इस्त्रीचा सदरा, हातात बाटली. तीनदा गालाला गाल लावला, गहू घेतले, छातीवर क्रूसाची खूण केली. रूझा त्याच्यापुढे ताट ठेवून आत निघून गेली.

कालपर्यंत मी समजत होतो की तो विसरला. पाहुणे होते, राहून गेलं. तूही तसंच लिहिलं होतंस. त्याने सांगितलं की विसरला नव्हता. टॉवरला विचारलं तर ते नाही म्हणणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या जागी तो असता तर तोही नाहीच म्हणाला असता. पण कुमाचा बाप हरवलेला, कुम रडवेला होऊन मागतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून विचारलंच नाही आणि हो म्हणून टाकलं. पाच-दहा मिनिटं खालून उडवशील, कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं त्याला वाटलं. हेलिकॉप्टरचं तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. चौकशीतही त्याने हेच सांगितलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं. सांगून झाल्यावर तो जेवला. मी वाढत होतो.

तो गेल्यावर ताटं मीच आवरली. ताई, त्याने एकदा नाही म्हटलं असतं तर हेलिकॉप्टर उडालं असतं आणि बाबा आज घरात असते. आणि मी जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं, की माझा बाप हरवला होता आणि हा कुम असून नाही म्हणाला.

मला सोडू नकोस.

तुझा,
वुकाशिन