पायपेटी

प्रिय ताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंस तर लगेच फोन करून "या वयात हे काय गं?" म्हणशील.

माझ्याकडे एक शिंपीकाका पेटी शिकायला यायचे. अर्धांगवायूने त्यांचा डावा हात गेलेला. ते उजव्या हाताने सूर वाजवायचे आणि मी शेजारी बसून भाता मारायची. ते श्वास घ्यायला थांबले की माझाही हात आपोआप थांबायचा.

"बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही," ते एकदा म्हणाले.

"माझ्याकडे तरी कोण आहे?" मी म्हटलं. मग दोघंही हसलो आणि पुन्हा वाजवायला लागलो.

पण शिष्याला जन्मभर आपल्या हातावर अवलंबून ठेवणं बरं नव्हे. मी खटपट करून एक जुनी पायपेटी मिळवली. तिचा भाता पायाने चालतो. काल ते ती एकट्याने वाजवत होते आणि मी समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होते. माझ्या साथीने इतकं छान कधीच वाजलं नव्हतं.

"सुटलात बाई," ते म्हणाले. "हात भरून यायचा ना तुमचा?"

"फार," मी म्हटलं. "घरी न्या ही. रोज वाजवा."

पेटी टेम्पोत चढवल्यावर त्यांनी दारातून विचारलं, "म्हणजे आता इथे यायचं काही कारण नाही?"

"नाही," मी म्हटलं.

ताई, एखादं कारण मला सुचायला हवं होतं गं.

तुझी,
धाकटी