मारबतीत घेतलेलं नाव

अर्जुनी मोरगाव,
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. जागेश्वर यास,

टिकारामचा आशीर्वाद. दोन वर्षं तोंड फिरवून बसलेल्या भावाचा आशीर्वाद नको असेल, तर निदान पत्र फाडू नकोस. फोन दोनदा लावला, दोन्ही वेळा मीच कापला.

इकडे ठीक आहे. हलका धान निसवायला आला, लोंब्या डोकावू लागल्यात. शेताच्या धुऱ्यावर, बांधाबांधाने गाजरगवत मात्र कमरेएवढं झालंय, आणि ते खाणारे भुंगे यंदाही नाहीत. बाबांनी कृषी महाविद्यालयातून डब्यात आणून सोडलेले ते पट्ट्यापट्ट्यांचे भुंगे मृगात मातीतून निघायचे आणि पोळ्यापर्यंत पानांची चाळण करायचे, आठवतं ना.

दोन वर्षांपूर्वी ते दिसेनात, आणि त्याच आठवड्यात तू पाठीवर पंप घेऊन धुऱ्यावर दिसलास. तूच औषध फवारून ते मारलेस, असं मी ठरवूनच टाकलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायला निघाला. लोक रोगराई, ढेकूण, डास घेऊन जा म्हणत होते आणि मी सगळ्या गावासमोर ओरडलो, "जागेश्वरले घेऊन जा गे मारबत." तू घरी गेलास आणि दसऱ्याआधी बायकोपोरांना घेऊन गोंदियाला.

यंदा एप्रिलमध्ये अवकाळी आला. बिचारे भुंगे मृग समजून वर आले, पानांवर अंडी घातली. मग मे तापला आणि सगळं करपलं. गवत तेवढं जगलं. त्याला पाऊसही मानवतो, ऊनही. कृषी सहायक म्हणाले, त्या वर्षीही असंच झालं असणार.

म्हणजे मला हे मे महिन्यातच कळलं. खरं सांगायचं तर त्याच्याही आधी. मारबतीच्याच दिवशी तुझी देवका वहिनी म्हणाली होती, "त्याच्या पंपात मिठाचं पाणी होतं. म्याच मीठ देल्लं. माह्या दम्यासाठी गवत जाळून राहिला होता तो." मी ऐकलं आणि गप्प बसलो. चारचौघांत बोललेलं मागे घेणं जिवावर आलं. माती खाल्ली मी, जागेश्वर.

देवकाची तब्येत ठीक नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. पोळ्यापासून दोनदा दवाखाना झाला. डॉक्टर म्हणतात, गवत फुलात आहे तोवर तिला गावात ठेवू नका, पुढचा झटका झेपणार नाही. लेकीकडे जा म्हटलं तर ऐकत नाही. एकच म्हणते, "जाईन तं जागेश्वरच्या घरी, नाही तं इथंच मरन."

तिला ठेवून घेशील का? तुझा होकार आला की सकाळच्या गाडीने आणतो. मी दारातूनच परत फिरेन. तू म्हणशील तरच उंबरा ओलांडीन.

'मोठा' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसताच

तुझा भाऊ
टिकाराम